माणसाळलेली शिक्री

यंदा वारा लवकर फिरला. ऑगस्ट सरायच्या आतच डोंगरापलीकडून गार झोत यायला लागले, मक्याची पानं उलटी होऊन पांढरी दिसायला लागली, आणि त्या वाऱ्यावर शिक्रे, ते छोटे शिकारी पक्षी, आले. उत्तरेकडून येऊन काळ्या समुद्राच्या काठानं ते दक्षिणेला जातात आणि अजारियाच्या या कड्यांवरून जाताना खाली उतरतात. कड्यावरच्या झुडपांत जाळी लावून माणसं त्यांची वाट बघत बसतात; धरलेला शिक्रा माणसाळवून त्याच्याकडून लाव्यांची शिकार करवतात. पण जाळं लावायची तारीख सरकार ठरवतं, आणि ती तारीख अजून आली नव्हती.

लामारा ओट्यावर कणसं सोलत बसली होती. मुरमान कड्याकडून खाली आला तेव्हा त्याचा एक हात कोटाच्या आत होता. वाट उतरताना तो नेहमी काठी टेकायचा. आज काठी बगलेत होती आणि तो पाय चाचपत, हळूहळू उतरत होता. तिनं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि हातातलं कणीस खाली ठेवलं.

"धरलीस?"

"धरली."

"मुरमान, तारखेला अजून आठवडा आहे."

"ते वाऱ्याला सांग."

त्यानं कोट उघडला. जुन्या मोज्यात गुंडाळलेली शिक्री होती, यंदाच जन्मलेली मादी. पाठ तपकिरी, डोळे पिवळे. चोच उघडी होती आणि तिचा श्वास इतका जलद चालला होता की मोजा थरथरत होता.

"मागच्या वर्षी तारखेची वाट बघत बसलो," मुरमान म्हणाला. "तारीख आली तेव्हा आभाळ रिकामं. तू बघितलंस ना."

लामारानं बघितलं होतं. त्या सगळ्या शरदात तो चहाच्या दुकानासमोरच्या बाकावर रिकामा हात गुडघ्यावर ठेवून बसला होता. बाकीची माणसं गुपचूप आधीच धरलेले शिक्रे घेऊन यायची, जायची. मग थंडी पडली आणि मुरमान भिंतीकडं तोंड करून निजला. तो कामाला जायचा तो चहाचा कारखाना बंद पडला तेव्हाही तो असा निजला नव्हता. हाक मारली तर ओ द्यायचा, ताट दिलं तर जेवायचा, पण पुन्हा भिंतीकडं वळायचा. फेब्रुवारीत लामारा अंगणातलं बर्फ ओढताना घसरून पडली; तो उठून आला, तिला उचललं, चुलीजवळ बसवलं आणि परत जाऊन निजला.

म्हणून ती आता "सोडून दे" म्हणाली नाही. नुसतं म्हणाली, "खालच्या गावच्या माणसाचा परवाना गेला लवकर धरल्याबद्दल. कायमचा गेला. नवा कुणालाच देत नाहीत म्हणे."

"माहीत आहे."

"माहीत आहे, तरी धरलीस."

 मुरमान शिक्रीच्या पायांत चामड्याच्या वाद्या बांधत होता. बोटं जाड आणि वाकडी होती, पण गाठ एका दमात बसली.

त्या दिवसापासून शिक्री त्याच्या हातावर होती. सकाळी चुलीपुढं, दुपारी संत्र्यांच्या झाडांत, जेवताना डाव्या हातावर ती आणि उजव्या हातात भाकरी. एरवी नव्या शिक्रीला घेऊन माणसं बाजारात हिंडतात, गाड्यांचे भोंगे, पोरांचा गोंधळ, कुत्री, सगळं तिला दाखवतात. मुरमानला ते करता येत नव्हतं. म्हणून तो घरातच भांडी वाजवायचा, रेडिओ मोठा लावायचा, लामाराला म्हणायचा, "जरा बोल गं. मोठ्यानं बोल. काहीही बोल."

"काय बोलू? आपल्याला पकडतील, हे बोलू?"

"हां, तेच बोल. तिला शब्द कळत नाहीत."

पहिल्या दिवशी शिक्री हातावरून सारखी झेप घ्यायची आणि वाद्यांना उलटी लटकायची. मुरमान तिला तळहातानं वर उचलून पुन्हा बसवायचा, रागवायचा नाही, सुस्कारासुद्धा टाकायचा नाही. तो पुटपुटत राहायचा, अगदी खालच्या आवाजात, आणि तिच्या डोळ्यांत न बघता बाजूला बघायचा. मग तिनं त्याच्या बोटातून कोंबडीचं काळीज घेतलं. मग दांडीवरून हातावर उडी मारली. मग संत्र्यांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोरीनं बांधलेली, उडत आली. मुरमाननं शीळ घातली की मान वळवायची.

लामारा रोज धुणं जास्तच काढायची. चादरी, गोधड्या, पडदे, अजून मळलेले नव्हते तेही. अंगणातल्या दोरीवर सगळं वाळत घातलं की रस्त्यावरून आत काही दिसायचं नाही. रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला की ती आणखी एक चादर दोरीवर टाकायची. एकदा गाडी थांबली ती पाववाल्याची निघाली.

जाळी लावायची तारीख आली. त्याच दुपारी शेजारचा एन्वेर आला. तोही शिक्रेवालाच. तारीख पाळून सकाळपासून कड्यावर बसला होता आणि हात हलवत परत आला होता. चादर बाजूला सारून तो आत आला आणि मुरमानच्या हातावरची शिक्री बघून उभाच राहिला.

शिक्री पिसं फुगवून बसली होती. एक पाय पोटाखाली ओढून घेतला होता. डोळे अर्धे मिटले होते.

"आज सकाळी धरली म्हणतोस?" एन्वेरनं विचारलं.

"आज सकाळी."

"माझी बायको लग्नानंतर वर्षभर एवढी शांत बसली नाही."

"तुझ्या घरात कोण शांत बसेल," मुरमान म्हणाला.

एन्वेर हसला, पण बाकावर बसताना त्यानं आवाज खाली आणला. "उद्या गोचा येतोय पक्ष्यांच्या पायात नोंदणीचं कडं घालायला. फोन आला होता दुकानात. मुरमान, पोरगा निरीक्षक झाला म्हणून काय झालं, त्याच्या बापानं जन्मभर शिक्रे वागवले. त्याला कागद बघायची गरजच नाही. ही बाई अशी एका पायावर डुलक्या घेताना दिसली की संपलं. सकाळी धरलेला पक्षी एका पायावर उभा राहतो होय?"

लामारा हातातलं सोललेलं कणीस पुन्हा पुन्हा पुसत होती.

"मग काय करू?" मुरमाननं विचारलं.

"जरा घाबरव. गोचा आत यायच्या आधी टोपी फडकव तोंडापुढं. दोन-तीनदा उलटी लटकली, धापा टाकायला लागली, की झालं. तो कडं घालून जाईल."

"नाही."

"अरे, पुन्हा माणसाळव. तुझ्यासारखा..."

"हातावर असताना घाबरवलेला पक्षी विसरत नाही, एन्वेर. तुला ठाऊक आहे, मला कशाला बोलायला लावतोस."

एन्वेरनं लामाराकडं पाहिलं. लामारानं नजर खाली घातली.

गोचा आला तेव्हा पाऊस नुकता थांबला होता. अंगावर शिकार खात्याचा हिरवा डगला, खांद्याला पिशवी, बुटांना चिखल. पायरीवर त्यानं बूट खरवडून काढले आणि लामाराला म्हणाला, "काकू, आई विचारत होती तुम्हाला. गुडघे कसे आहेत?"

"आहेत बाबा. चालतंय," लामारा म्हणाली.  तिनं मक्याची भाकरी, चीज आणि आंबट आलुबुखाराची चटणी पुढं ठेवली. गोचानं तुकडा मोडला, पण डोळे मुरमानच्या हातावर होते.

"छान आहे पक्षी," तो म्हणाला. "केव्हा धरली, काका?"

"काल."

"काल वारा पडला होता."

"कड्याच्या त्या बाजूला होता थोडा."

गोचानं मान हलवली. पिशवीतून कडं आणि चिमटा काढला, परवान्याचं कार्ड मागून घेतलं, आणि सवयीनं अटी म्हणायला लागला. एका परवान्यावर एकच पक्षी. कडं कापायचं नाही. पक्षी हरवला तर मोसम संपला, दुसरा धरायचा नाही. परवाना ज्याच्या नावावर त्यानंच पक्षी शिकारीवर सोडायचा, त्यानंच शिकारीवरून उचलायचा. शिकारीवर असताना दुसऱ्या कुणी हात लावला तर परवाना रद्द. तो बोलत होता आणि मुरमान ऐकत होता, आणि शिक्रीनं मुरमानच्या हातावर अंग झटकलं, सगळी पिसं फुगवली आणि हळूच एक पाय वर घेतला.

गोचा बोलायचा थांबला.

लामारा मुरमानच्या मागं उभी होती. तिच्या हातात भाकरीवरचं फडकं होतं. तिला गेल्या थंडीतली भिंत दिसली, आणि भिंतीकडं तोंड करून निजलेल्या मुरमानची पाठ. फडकं वर गेलं आणि शिक्रीच्या डोक्यामागं, अगदी जवळ, सटकन झटकलं गेलं.

शिक्री ओरडली. एकदम उसळली, वाद्यांना लटकली, पंख मुरमानच्या तोंडावर आपटले, भाकरीचं ताट खाली गेलं. मुरमान तिला वर घ्यायला गेला तशी ती आणखी लांब उसळली, त्याच्याकडं बघून, चोच उघडून. शेपटीचं एक पीस मोडून चटणीत पडलं. पुन्हा वर घेतलं, पुन्हा लटकली. मुरमानच्या गालावर रक्ताची रेघ उमटली.

"माशी होती," लामारा म्हणाली. "भाकरीवर माशी बसली होती."

 गोचानं पुढं होऊन दोन बोटांत शिक्रीचा पाय धरला, कडं घातलं, चिमट्यानं दाबलं. त्याची बोटं सफाईनं चालली. कार्डावर शिक्का मारला. जाताना त्यानं सांडलेलं ताट उचलून टेबलावर ठेवलं आणि खाली बघतच बूट घातले. लाव्यांच्या शिकारीचा दिवस सांगितला, दोघांना नमस्कार केला आणि निघून गेला.

गाडीचा आवाज वळणाआड गेल्यावर लामारा म्हणाली, "परवाना राहिला."

"राहिला," मुरमान म्हणाला.

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं शिक्रीला दांडीवर ठेवलं आणि मोडलेलं पीस पाण्यात धुऊन खिडकीत वाळत ठेवलं.

त्यानंतर शिक्री त्याच्याकडून खाईना. तो लांबून दिसला की दांडीवरून उलटी उडी घ्यायची. हातावर घेतली की धाप लागायची, डोळे वटारायची. तो पहिल्यासारखाच पुटपुटायचा, बाजूला बघायचा, काळीज बोटात धरून तास तास बसायचा. काळीज सुकायचं. मग तो उठायचा आणि मका तोडायला जायचा. लामारा त्याच्यामागं टोपली घेऊन चालायची. धाटं कापल्याचा आवाज नेहमीपेक्षा जोरात यायचा.

"माझ्यामुळं झालं," ती एकदा टोपली भरताना म्हणाली. "तिचा राग माझ्यावर असायला हवा."

मुरमाननं कोयता थांबवला. "तिनं तुला पाहिलंच नाही. तू मागं होतीस. तिनं मला पाहिलं." मग पुढचं धाट धरून म्हणाला, "माझ्या हातावर होती ती. माझ्याच हातावर तिला काहीतरी झालं. एवढंच कळतं तिला."

संध्याकाळी लामारा कोंबड्यांना दाणे टाकून परत येत होती. शिक्री ओट्याच्या कोपऱ्यात दांडीवर होती. छातीची हाडं दिसायला लागली होती. लामारानं ताटलीतला मांसाचा तुकडा उचलला आणि असाच, फारसा विचार न करता, पुढं केला. शिक्रीनं तो घेतला.

मुरमान दारात उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"पुन्हा दे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं आपला लोकरी हातमोजा लामाराच्या हातात चढवला. मोजा तिला मोठा होता. "कोपर बरगडीला लाव. असं. डोळ्यांत बघू नको. श्वास धरून ठेवू नको, तिला कळतं. आणि बाजारात जा."

"मी? शिक्री घेऊन? बाईमाणूस?"

"मी नेली तर ती मरेल."

"लोक हसतील."

"हसू दे. हसण्याचीही सवय व्हायला हवी तिला."

लामारा बाजारात गेली. हात खांद्यापासून दुखायला लागला, पण खाली घेता येईना. नाकावर माशी बसली तरी हाकलता येईना. चहाच्या दुकानासमोर बाकावरची सगळी माणसं बोलायची थांबली. मग एन्वेर म्हणाला, "या, लामाराबाई, बसा. मुरमान घरी भाकऱ्या भाजतोय वाटतं?"

"भाजतोय. तुला पाठवू एक?"

"जळकी नको."

"मग तुझ्या घरचीच खा. तिथं काही भाजतच नाही."

माणसं हसली. शिक्रीनं पंख ताणले, पण उसळली नाही. लामारा बाकाच्या टोकाला बसली. तिच्या समोर चहा आला. उजव्या हातानं तिनं पेला उचलला तेव्हा तिला जाणवलं की घाम पाठीवरून खाली ओघळतोय. बसस्थानकावर गेली, पाववाल्याकडं गेली, शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी उभी राहिली. रोज. शिक्री तिच्या हातावर झोपायला लागली आणि लामाराला झोप लागेनाशी झाली. कारण हिरवा डगला कुठंही दिसू शकत होता. हातावर घेऊन फिरायला बंदी नव्हती, एवढं तिनं एन्वेरकडून दोनदा विचारून घेतलं होतं. पण शिकारीच्या दिवशी शिक्री मुरमानकडं परत येणार नाही, हे तिला दिसत होतं, मुरमानलाही दिसत होतं.

शिकारीचा दिवस उजाडला. रात्रीतून लावे उतरले होते. कापलेल्या मक्याच्या रानात, गवतात, बांधांवर, सगळीकडं त्यांचा तो ओला, तुटक आवाज. रस्त्याच्या बांधावर हिरवी गाडी उभी होती. गोचा गाडीला टेकून दुर्बिणीनं एकेका रानाकडं बघत होता.

लामारानं शिक्री रानाच्या कडेपर्यंत आणली. मुरमान मागून आला, पक्ष्याला तोंड दिसणार नाही असा, आणि तिच्या हातावरून शिक्री तळहातात उचलली, छातीखाली धरून, जशी इथली माणसं धरतात. शिक्री ताठरली. कुत्र्यानं गवतात नाक घातलं, लावा फर्रकन उठला आणि मुरमाननं हात फेकला.

जुना हात, पण फेक सरळ गेली. शिक्री जमिनीलगत, खुंटांवरून गेली आणि लाव्यासकट गवतात पडली. मुरमानचा चेहरा उजळला. लामारानं तो चेहरा दोन वर्षांत पाहिला नव्हता.

तो हळूहळू पुढं गेला. वाकून, बाजूला बघत, पुटपुटत. शिक्रीनं मान वर केली. पंख पसरून लावा झाकला. तो आणखी एक पाऊल गेला आणि ती लाव्याला घेऊनच उडाली, जड, खाली खाली, पुढच्या वाफ्यात. तो थांबला. वाट बघितली. पुन्हा गेला. ती पुन्हा उडाली. आता पुढं एकच बांध होता आणि बांधापलीकडं ओढ्याची दाट झाडी. तिथं गेली की संपलं; पायात कडं, कड्यावर नंबर, दुसरी धरता येणार नाही, आणि वर्षभर रिकामा हात.

मुरमान जागच्या जागी खाली बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तू जा," तो म्हणाला.

"मुरमान, तो बघतोय."

"बघू दे."

"परवाना जाईल. कायमचा."

"ती तिकडं गेली तर परवाना घेऊन काय करू? चौकट करून भिंतीला लावू?" त्यानं तिच्याकडं पाहिलं. आवाजात राग नव्हता. "मी सांगतो म्हणून जाऊ नको. तुला वाटलं तर जा."

लामारानं रस्त्याच्या बांधाकडं पाहिलं. दुर्बीण तिच्याकडंच वळलेली होती. तिनं हातमोजा नीट ओढून घेतला, घागऱ्याचा काठ कमरेला खोचला आणि रानात शिरली.

मक्याचे खुंट पोटऱ्यांना ओरबाडत होते. ती थेट गेली नाही. वळसा घालून गेली, मुरमान जातो तशी, खालच्या आवाजात बोलत. काय बोलत होती तिचं तिलाच माहीत नव्हतं. धुण्याचं काहीतरी, चुलीचं काहीतरी. शिक्रीनं मान वर केली. पंख पसरले. लामारा थांबली, गुडघ्यांवर बसली. गुडघे कडकडले. मग ओल्या मातीतून गुडघ्यांवरच पुढं सरकली.

मागं, रस्त्याच्या बांधाच्या बाजूनं, बुटांचा आवाज आला. खुंट मोडत होते. जवळ येत होते.

शिक्रीचे पिवळे डोळे लामाराच्या खांद्यावरून मागं गेले. पंजे लाव्यावर घट्ट झाले. लामारानं हात पुढं केला, मोज्यावर काळजाचा तुकडा होता, आणि मान न वळवता, पक्ष्याशी बोलत होती त्याच आवाजात म्हणाली,

"बाळा, तिथंच थांब. तिला खाऊ दे."

बुटांचा आवाज थांबला. शिक्रीनं एक पाय उचलला, मोज्यावर ठेवला, मग दुसरा. तिनं तुकडा ओढला. तिचं वजन लामाराच्या मनगटावर आलं आणि लामारानं श्वास सोडला.

मागं खुंट पुन्हा कुरकुरले, अगदी हलके. पक्ष्याला उंच दिसू नये म्हणून माणूस बसतो तसा, गोचा खाली बसला होता.